धाकूच्या विहिरीला फेस आला

समुद्राच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा धाकू राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा बायको म्हणाली, जरा दाराकडे बघा, मी आलेच. हा दाराकडे बघत बसला. मागच्या दाराने बकरी आत शिरली, कोथिंबिरीची जुडी खाल्ली, वर टोपलीतली दोन केळी खाल्ली आणि आली तशी गेली. धाकूला ती दिसली होती. पण त्याला दाराकडे बघायला सांगितलं होतं, बकरीकडे नाही.

मनाने मात्र लोण्यासारखा. सांगितलेलं काम टाळायचा नाही आणि एकदा सांगितलेली गोष्ट विसरायचा नाही. घोटाळा तिथेच होता. विसरला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

बायकोचं नाव शेवंती. ती शहाणी होती. एका घरात दोघंही धाकू असून कसं चालेल?

त्यांच्या परसात विहीर होती, जांभ्या दगडात खोदलेली. पाणी असं की आलेला पाहुणा चहा नको म्हणायचा आणि पाणी मागून घ्यायचा. तर एक दिवस काय झालं, शेवंतीने पोहरा वर ओढला आणि पाण्यावर फेस. ताक घुसळल्यावर येतो तसा. तिला वाटलं, दोराला काही लागलं असेल. दुसरा पोहरा काढला. त्यावरही फेस. चहा केला तर साबण चाटल्यासारखा लागला. भात केला तर मांजराने हुंगला आणि शेवंतीकडे अशी काही नजर टाकली की तीच ओशाळली.

शेवंतीला सातवा महिना होता. डॉक्टरीण बाईंनी बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही, बाळाला जपायचं. पण घरात पाणी तर हवं. मग डोंगराखालच्या झऱ्यावर जायचं, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि निसरड्या पायऱ्यांची वाट चढून यायचं. रोज दोन खेपा. चढताना ती मध्येच थांबायची आणि एक हात पोटावर ठेवायची. बघणारा बघून कळवळायचा.

तुम्ही म्हणाल, धाकू का नाही जायचा पाण्याला? जायचा की. दोन कळश्या घेऊन जायचा आणि दोन रिकाम्या कळश्या घेऊन यायचा. कारण शेवंतीनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं, पाणी वाया घालवत जाऊ नका, झाडांना घालत जा. झऱ्यापासून घरापर्यंत झाडं पुष्कळ.

आता फेस कुठून आला? तर धाकूच्या घराच्या वरच्या अंगाला मोरूकाकांचं घर. खाली किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी लॉज निघाले, आणि लॉजच्या चादरी धुवायचं काम मोरूकाकांनी घेतलं. घेतलं मोरूकाकांनी, करायच्या काकी. एक मशीन आणलं, पिठाच्या गिरणीएवढं. मशीनचं पाणी नळीने परसात जायचं, परसात एक खड्डा होता त्यात पडायचं आणि जमिनीत जिरायचं. त्या खड्ड्याच्या बरोबर खाली धाकूची विहीर.

शेवंती वर जाऊन सांगून आली. मोरूकाका झोपाळ्यावर बसले होते, त्यांनी झोपाळासुद्धा थांबवला नाही. म्हणाले, माझं पाणी माझी जमीन पिते, तुझ्या विहिरीशी त्याचा संबंध काय?

मग गोष्ट सरपंचांकडे गेली. सरपंच होत्या सुमतीमाई. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाल्या, नुसत्या तोंडाने भांडून पाणी गोड होत नाही. तालुक्याला पाणी तपासायचं ऑफिस आहे. शेवंतीने विहिरीचं पाणी तपासून आणावं. त्यात साबण निघाला तर मोरूकाकांनी खड्डा बुजवावा. मोरूकाका म्हणाले, खुशाल तपासा, माझी ना नाही.

पण शेवंतीला गाडीचे धक्के वर्ज्य. मग तालुक्याला जाणार कोण? घरात दुसरा माणूस एकच होता.

शेवंतीने त्याला समोर बसवून सांगितलं. एक बाटली घ्या, स्वच्छ घ्या हं, तिच्यात विहिरीचं पाणी भरा, ऑफिसात नागवेकर बाई म्हणून आहेत त्यांच्या हातात द्या. आणि येताना आपलं सुकं खोबरं घाण्यावर देऊन तेल काढून आणा, डबा सोबत न्या.

धाकूने सरबताची बाटली घेतली. स्वच्छ घ्या म्हणाली होती. त्याने धुण्याचा साबण आणला आणि बाटलीला आतून बाहेरून असा लावला की काच करकर वाजायला लागली. मग त्याला वाटलं, आता धुतली तर एवढा लावलेला साबण जायचा. म्हणून तसंच वर पाणी भरलं.

नागवेकर बाई वयाने पोक्त, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी बाटली एकदा हलवली. फेस बुचापर्यंत आला. त्यांनी बूच काढलं तर फेस टेबलावर आला. बाई बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत असं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, बाटली धुतली होती का? धाकूने छाती काढून सांगितलं, साबणाने.

"अहो, साबण शोधायचाय आणि साबणानेच बाटली धुवून आणलीत?" बाई म्हणाल्या. "भांड्यात जे भरायचं ना, त्यानेच ते भांडं आधी विसळायचं. दोन-तीनदा विसळायचं, विसळलेलं फेकून द्यायचं, आणि मग भरायचं. राहील ध्यानात?"

"ठेवीन ध्यानात," धाकू म्हणाला.

आणि ठेवलं त्याने. तिथून तो घाण्यावर गेला. खोबरं दिलं, पिवळंधमक तेल निघालं, सुवास असा की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. घाणेवाल्याने तेल एका पातेल्यात दिलं. धाकूने त्यातलं थोडं डब्यात ओतलं, डबा गोल गोल फिरवला, आणि तेल गटारात फेकलं. घाणेवाला म्हणाला, अरे, हे काय? धाकू म्हणाला, विसळतोय. परत ओतलं, परत फिरवलं, परत फेकलं. डबा मोठा होता. कोपऱ्याकोपऱ्यातून नीट विसळायला तेल पुष्कळ लागलं.

घरी आल्यावर शेवंतीने झाकण उघडलं. तळाला बोट बुडेल एवढं तेल. तिने कपाळाला हात लावला. बाळंतपणात अंगाला लावायला ठेवलेलं खोबरं होतं ते. पण ओरडून तेल परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती म्हणाली, "अहो, तेल असं फेकतात का? डबा कसा काठोकाठ भरावा. वर बोटभर जागा ठेवू नये. आणि झाकण असं घट्ट लावावं की आत वारासुद्धा शिरता कामा नये."

"ठेवीन ध्यानात," धाकू म्हणाला.

दोन दिवसांनी पुन्हा निघाला. या खेपेला शेवंतीने बाटली स्वतः विसळली, स्वतः भरली, त्याच्या पिशवीत ठेवली. म्हटलं, आता बिघडायला जागाच नाही. मग तिच्या मनात आलं, त्या बाईंना आपण त्रास देतोय, काहीतरी पाठवावं. आंबोळ्यांचं पीठ आंबायला ठेवलेलं होतं. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात बाईंसाठी थोडं पीठ घेऊन जा.

धाकूने डबा काठोकाठ भरला. वर बोटभर जागा ठेवली नाही. झाकण असं आवळलं की हाताला वळ उठले. मग तो गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला, तिथे खालून इंजिनाची ऊब येते. डबा मांडीवर. वर ऊन, खाली इंजिन, मधे पीठ.

पीठ काही धाकूसारखं सांगितलेलं ऐकत नाही. ते फुगायला लागलं. घाट चढेपर्यंत डबा गरम झाला, मग गुरगुरायला लागला. शेजारचे आजोबा म्हणाले, तुमच्या डब्यात काय आहे? धाकू म्हणाला, पीठ. आजोबा उठून मागे जाऊन बसले. तेवढ्यात कंडक्टर तिकीट द्यायला वाकला, आणि डब्याने तोंड उघडलं.

झाकण गाडीच्या टपाला जाऊन लागलं. पीठ कंडक्टरला लागलं. डोळे, नाक, मिशा, सगळं एक झालं. तो चाचपडत म्हणाला, पाणी द्या, कुणीतरी पाणी द्या. गाडीत पाणी कुणाकडे? धाकूकडे. माणूस मनाने मोठा. त्याने सबंध बाटली कंडक्टरच्या तोंडावर रिकामी केली. कंडक्टरने तोंड चोळलं तर तोंडावर फेस आला. चोळेल तसा फेस वाढत गेला. पीठ गेलं, मिशा लखलखल्या, पण डोळे लालबुंद झाले.

"अरे बाबा, पाणी मागितलं तर साबण काय देतोस?" कंडक्टर म्हणाला.

धाकूला कोण आनंद झाला. ऑफिसात जाऊन त्याने बाईंपुढे रिकामी बाटली ठेवली आणि म्हणाला, तपासणी झाली, साबण आहे, कंडक्टरने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, कंडक्टरच्या डोळ्यांवर या ऑफिसात शिक्का मारता येत नाही. मग त्यांनी पिठाची हकीकत ऐकून घेतली. हसू आवरायला त्यांना जरा खिडकीबाहेर बघावं लागलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पीठ काय नि पाणी काय, उन्हात बिघडतं. अशी वस्तू ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि सावलीत ठेवावी. ऊन म्हणून लागू द्यायचं नाही."

"ठेवीन ध्यानात."

घरी आला तर शेवंती झऱ्यावर निघाली होती. अंगणात सोडे वाळत घातले होते, चांगली सूपभर कोलंबी सोलून. म्हणाली, माझी खेप होईपर्यंत एवढे सोडे बघा, बिघडू देऊ नका.

धाकूने बघितलं. सोडे उन्हात पडले होते, उघडेच. बाईंचे शब्द ताजे होते. त्याने शेवंतीचं जुनं लुगडं ओलं केलं, सोडे त्यात गुंडाळले, बोचकं बांधलं आणि खाटेखाली अगदी कोपऱ्यात सरकवलं. मध्ये एकदा फडकं कोरडं झालं, तर त्यावर पाणी शिंपडलं.

शेवंती आली ती पाठ धरूनच आली. आडवी झाली ती झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर गावातली सगळी मांजरं अंगणात. काही तर तिच्या ओळखीचीही नव्हती. आणि वास असा की तिने नाकाला पदर लावला तरी पदरातून येत होता. खाटेखालचं बोचकं ओढून काढलं तेव्हा मांजरंसुद्धा दोन पावलं मागे सरली.

ती एवढंच म्हणाली, "अहो, वस्तू अशी बांधून ठेवून विसरून जायची नसते. मधून मधून सोडून बघावी. हुंगावी. जिभेला लावून बघावी, बिघडत तर नाही ना."

"ठेवीन ध्यानात," धाकू म्हणाला. आतापर्यंत तिला त्या शब्दांची भीती वाटायला लागली होती.

पण दिवस जात होते. आठवा लागला होता. आदल्याच संध्याकाळी झऱ्याच्या पायरीवरून तिचा पाय सरकला होता, हंडा गेला, ती कशीबशी वाचली होती. मोरूकाका झोपाळ्यावरून विचारायचे, काय शेवंती, तपासून आलं का पाणी? ती हंडा घेऊन पुढे जायची. तिला आता कागदावर साबणाचं नाव तेवढं हवं होतं, शिक्का मारलेलं. म्हणून तिने तिसऱ्यांदा बाटली भरली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि धाकूला गाडीत बसवून आली.

गाडी पहिल्या थांब्यावर थांबली. धाकूने फडकं सोडलं, बूच काढलं, हुंगलं, एक घोट घेतला. बिघडलं नव्हतं. पहिल्यापासून होतं तसंच होतं, साबणासारखं. पुढच्या थांब्यावर पुन्हा एक घोट. तालुक्याच्या वाटेवर थांबे फार. आणि धाकू कामात हयगय करणारा नव्हता. स्टँडवर उतरला तेव्हा बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती आणि त्याला ढेकर आला तो फेसाळ.

आता अर्धी बाटली बाईंना कशी द्यायची? बरं दिसत नाही. स्टँडवर नळ होता. त्याने उरलेलंही पिऊन टाकलं, उगीच मिसळामिसळ नको म्हणून. बाटली नळाखाली दोन-तीनदा विसळली, काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळली. यावेळी एकही गोष्ट चुकवली नाही.

बाईंनी बाटली हलवली. फेस नाही. त्यांनी त्यात कसलेसे थेंब टाकले. साबण नाही. दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. बाईंचा चेहरा खुलला.

"वा, पाणी उत्तम आहे की तुमचं. साबणाचा अंशसुद्धा नाही. विहिरीत औषध टाकता वाटतं?"

"आम्ही नाही टाकत," धाकू म्हणाला. "स्टँडवाले टाकत असतील."

बाईंनी शिक्का उचलला होता. तो तसाच खाली ठेवला. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, थांब्याथांब्याचं, घोटाघोटाचं. ऐकता ऐकता त्यांचा हसरा चेहरा उतरला. शिक्का पडला असता तर शेवंती जन्मभर झऱ्याचे हंडे वाहत बसली असती, हे त्यांना कळत होतं. धाकूला नव्हतं कळत. त्याला आपलं पोट गुरगुरतंय एवढंच कळत होतं.

बाई उठून त्याच्यासमोर येऊन बसल्या. एकेक शब्द सावकाश म्हणाल्या. "पाणी जिथून निघतं, तिथूनच घ्यायचं. मधलं, वाटेतलं काही चालत नाही. सरळ मुळाशी जायचं. मुळाशी. समजलं?"

"समजलं," धाकू म्हणाला. "ठेवीन ध्यानात."

दुसऱ्या दिवशी शेवंती पोहरा काढायला वळली तर धाकू कठड्यावर उभा. कमरेला दोर, हातात बाटली. ती काही म्हणायच्या आत त्याने आत उडी टाकली. शेवंती किंचाळली. शेजारपाजार धावला. कुणी दोर धरला, कुणी शिडी आणायला पळालं, सगळे आत वाकून बघायला लागले. वर नुसता फेस तरंगत होता.

धाकू पोहण्यात पटाईत होता. तेवढ्या एका गोष्टीत त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तो तळाशी गेला, कातळाच्या ज्या फटीतून पाणी पाझरायचं तिथे बाटली लावली, विसळली, भरली, आतल्या आत बूच लावलं आणि वर आला. डोक्यावर फेसाची पगडी होती. लोकांनी ओढून काढला. शेवंती रडतही होती आणि त्याच्या पाठीत बुक्केही मारत होती.

"मुळाशी गेलो होतो," धाकू म्हणाला.

आणि त्या पाण्यात साबण निघाला. बाईंनी दोनदा तपासलं, शिक्का मारला. अगदी स्वच्छ निघाला साबण.

शेवंतीला वाटलं, सुटले. सुमतीमाईंच्या ओसरीवर सगळे जमले. मोरूकाकांनी कागद पाहिला, परत दिला आणि म्हणाले, साबण आहे हे मान्य. पण माझा कशावरून? ही स्वतः विहिरीवर कपडे धुते. हिचा नवरा साबण लावलेली बाटली घेऊन तालुक्याला जातो. यांच्या घरचा साबण यांच्या विहिरीत, त्याला मी काय करू?

बोलणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. शेवंती भिंतीला टेकून खाली बसली.

मग माईंनीच नागवेकर बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, त्यात काय, सोपं आहे. एक रंगाची पूड पाठवते. अपाय काही नाही तिचा. ती मोरूकाकांच्या खड्ड्यात टाका आणि चार दिवस विहिरीकडे बघा. विहिरीला रंग आला तर पाणी तिथूनच येतंय. मोरूकाका म्हणाले, टाका की, डबाभर टाका. त्यांची खात्री होती.

पुडी आली. शेवंती झऱ्यावर गेली होती, माई गावात नव्हत्या. पुडी घेऊन धाकू वर गेला.

खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. पुडी उघडली. टाकणार एवढ्यात त्याच्या डोक्यात आलं, पाणी खड्ड्यातून थोडंच निघतं? खड्डा तर वाटेतला. वाटेतलं काही चालत नाही. खड्ड्यात एक नळी येत होती. तो नळीच्या कडेकडेने निघाला. नळी भिंतीतून आत गेली होती, धाकू दारातून आत गेला. नळी मशीनला लागली होती. मशीन घरघरत होतं. आत लॉजच्या नव्या पांढऱ्या चादरी फिरत होत्या.

काकी चादरींच्या ढिगामागे बसल्या होत्या. हाताची सालं निघाली होती त्यांच्या, त्यांवर खोबरेल चोळत होत्या.

"काय रे टाकलंस मशीनमध्ये?"

"पुडी. तालुक्याहून आलीय."

काकींना वाटलं, साबणाची काही नवी जात असेल. त्या परत हाताला तेल लावायला लागल्या.

थोड्या वेळाने मशीन थांबलं. मोरूकाकांनी झाकण उघडलं. चादरी जास्वंदीसारख्या झाल्या होत्या. पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं, अभ्र्यांच्या नाड्यासुद्धा नाही. मोरूकाकांनी मशीन पुन्हा चालू केलं. साबण दुप्पट घातला. चादरी गुलाबी झाल्या. परत धुतल्या. परत गुलाबी. दुसरा दिवसही त्यात गेला, तिसराही. जेवढा रंग होता तेवढा सगळा चादरींतून निघून नळीने खड्ड्यात गेला. बाईंनी पुडी खड्ड्यात टाकायला सांगितली होती, ती शेवटी खड्ड्यातच गेली. जरा वळसा घालून गेली, एवढंच.

चौथ्या दिवशी शेवंतीने पोहरा ओढला तर गुलाबी पाणी. वर गुलाबी फेस. बातमी क्षणात फिरली. गाव लोटलं विहिरीवर. सुमतीमाई आल्या. बायका एकमेकींना म्हणाल्या, किती छान रंग आहे गं, साडीला शोभेल.

तेवढ्यात मोरूकाका उतारावरून धावत आले. तीन दिवसांचा राग होता पोटात. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि धाकूकडे बोट केलं.

"हाच तो रंग, बघा सगळ्यांनी. याने माझ्या मशीनमध्ये टाकला तो हाच. मी तीन दिवस धुतोय, मी कुठेही ओळखीन."

सुमतीमाईंनी पदर सावरला.

"काका," त्या म्हणाल्या, "परत एकदा सांगा. कुठला रंग म्हणालात?"

मोरूकाकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग ते विहिरीकडे बघत राहिले, मग वर आपल्या घराकडे, मग परत विहिरीकडे.

खड्डा आजच्या आज बुजवायचा, असं ठरलं. मोरूकाका शब्दाला जागणारे, हो म्हणाले. लोक पांगले. जाता जाता सुमतीमाई धाकूपाशी थांबल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "सांगितलं होतं खड्ड्यात टाकायला. पण तू मुळाशी गेलास, म्हणून काकांच्या तोंडून खरं निघालं. असाच मुळाशी जात जा. आता वर जा आणि खड्डा बुजवायला काकांना मदत कर."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी धाकूला शाबासकी दिली होती. तो फावडं घेऊन निघाला तो तरंगतच निघाला.

मोरूकाका म्हणाले, मी चार घास खाऊन जुना सदरा घालून येतो, तू सुरुवात कर. आणि आत गेले.

धाकूने लाल मातीचा ढीग पाहिला. खड्डा पाहिला. खड्ड्यात येणारी नळी पाहिली. जरा वेळ विचार केला. मग काकींना विचारलं, घमेलं आहे का? काकींनी घमेलं आणून दिलं. तो भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन नळीच्या कडेकडेने घराकडे निघाला, तेव्हाच काकींना काय ते कळलं. त्यांनी पुढे होऊन दार उघडं धरलं. आणि दुसरं घमेलं भरायला लागल्या.

मोरूकाका जेवून, सदरा बदलून, हात चोळत परसात आले. खड्डा होता तसाच, उघडाच. धाकूचा पत्ता नाही. आतून धपधप आवाज आला म्हणून ते मशीनच्या खोलीत गेले. मशीन तळापासून काठापर्यंत लाल मातीने भरलेलं होतं. माती ओली करून, चोपून, वर धाकू उभा राहून पायाने बसवत होता.

"अरे धाकू," मोरूकाका म्हणाले, "तुला खड्डा बुजवायला सांगितला होता ना रे?"

"खड्ड्याचं काय घेऊन बसलात काका," धाकू म्हणाला. "तो वाटेतला. मी सरळ मूळच बुजवलं."

ते मशीन पुन्हा फिरलं नाही. चादरी दुसऱ्या कुणाकडे गेल्या. धाकूने विहीर उपसून काढली, दोन-तीनदा उपसली, आणि बाळ यायच्या आठवडाभर आधी शेवंतीने परसात उभं राहून पोहरा ओढला, तर आत नुसतं पाणी होतं आणि त्यात तिचा चेहरा. काकींचे हात बरे झाले. मशीनमध्ये त्यांनी अळू लावलाय, पानं सुपाएवढी येतात.

खड्डा मात्र अजून तसाच आहे. धाकू म्हणतो, सवड झाली की बुजवीन, ध्यानात आहे माझ्या.